तुम्ही विचारलंत म्हणून: युनोचा कागद आमच्या समाजमंदिरात कशाला?

"ताई, त्या युनोले एक लढाई थांबवता येत नाही, अन् तुमी त्याचा कागद घेऊन आमच्या गावात काय करता जी?" हा प्रश्न मला एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कृषी केंद्राच्या बाकावर, कुठंही विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. ते टीव्हीवर गाझा बघतात, युक्रेन बघतात आणि मग माझ्या पिशवीतल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याकडे बघतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

सुरुवात माझ्या चुलत जावेपासून करावी लागेल. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, सगळी कोरडवाहू जमीन, पऱ्हाटी आणि तूर. तिच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला. सरकारी मदतीच्या अर्जावर शेरा आला 'अपात्र', कारण कर्ज बिनपरवाना सावकाराचं होतं. त्याचा कागद ती कुठून आणणार? मग निराधार योजनेसाठी चकरा सुरू झाल्या. एका दुपारी कचेरीतून आली, ओट्यावर बसली, पाणीही न पिता म्हणाली, "भाऊजीच्या वयाचा माणूस मले म्हणते, जे भेटते ते मुकाट्यानं घ्या. मी का भीक मांगाले गेली होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्ध्याच्या एका शिबिरात मिळालेली जाहीरनाम्याची मराठी पुस्तिका होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी पंचविसावं कलम वाचायला घेतलं. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी मिळण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तसंच बेकारी, आजारपण, अपंगत्व, वैधव्य, वार्धक्य...

"थांबा," ती म्हणाली. "वैधव्य मंजे आमीच ना?"

"हो."

"दाखवा बरं कुठं हाय."

मी शब्द दाखवला. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. वेचणीचे दिवस होते, बोंडाच्या टोकांनी बोट चिरलेलं. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ ते बोट तिथंच होतं. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये बसून माणसांनी हा शब्द त्या कागदात घातला. 48 देशांनी बाजूनं मत दिलं, आठ तटस्थ राहिले, विरोधात एकही नाही. आमच्याकडे सरकारी कागदावर तिचं नाव 'निराधार'. युनोच्या त्या कागदावर ती हक्कदार आहे.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही बाया समाजमंदिरात बसतो आणि एकेक कलम वाचतो. पहिल्या कलमापाशी मी दरवेळी हंसा मेहतांचं नाव घेते. मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. भारताच्या या प्रतिनिधीनं आग्रह धरला आणि तिथं 'सर्व मानव' आलं. मला हे फार मोठं वाटतं. एक शब्द बदलायला एक बाई तिथं असावी लागली.

आता लढायांचं. तुमचं म्हणणं खोटं नाही. सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे, त्यातला एक अडून बसला की ठराव मेला. याचा मलाही संताप येतो. पण 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, काळा समुद्र बंद पडला, जगभर गहू आणि खतं भडकली, त्याची झळ आपल्या कृषी केंद्रापर्यंत आली, हे आठवतं ना? तेव्हा युनो आणि तुर्कस्तान यांनी मध्ये पडून त्या जुलैत करार घडवला आणि वर्षभरात 3 कोटी टनांहून जास्त धान्य युक्रेनच्या बंदरांतून बाहेर पडलं. पुढच्या जुलैत रशिया बाहेर पडला, करार संपला. युद्ध थांबलं नाही, हे खरंच. पण तेवढं वर्ष ते धान्य लोकांच्या ताटात गेलं.

आणि एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात फार कमी लोकांना माहीत आहे. 17 डिसेंबर 2018 ला युनोच्या आमसभेनं शेतकरी आणि ग्रामीण भागात राबणाऱ्यांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा मंजूर केला. 121 देश बाजूनं, त्यात भारतही. त्यात बियाण्यावरचा हक्क आहे, घातक रसायनांपासून संरक्षणाचा हक्क आहे. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. पाठीवर पंप, तोंडाला नुसता दुपट्टा, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली. त्या दिवसांत दवाखान्यात गेलेल्या कुणालाही हे कलम समजावून सांगावं लागत नाही.

हे जाहीरनामे म्हणजे कायदा नाही, हे मी बायांना पहिल्याच दिवशी सांगते. कायदा आपल्याकडे 1993 चा आहे, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य मानवी हक्क आयोग आले. राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार करायला फी नाही, वकील नको, अर्ज मराठीत चालतो. फक्त घटनेपासून वर्षाच्या आत करावा लागतो. ही एक ओळ बाया पाठ करून घरी जातात.

माझ्या जावेचा 'अपात्र' शेरा बदलला नाही. सांगताना आजही घसा दाटतो. निराधारचं अनुदान मात्र सुरू झालं. सातबारावर वारस म्हणून तिचं नाव चढलं, त्यासाठी आठ चकरा झाल्या. पाचव्या चकरेला मी सोबत होते. साहेब म्हणाले, "बाई, उद्या या." ती म्हणाली, "उद्या कायले? हक्क आजचा हाय. लिहून द्या, आज का होत नाही ते." त्यांनी वर बघितलं आणि खुर्ची पुढं केली.

या 10 डिसेंबरलाही वेचणी चालूच असेल, म्हणून बैठक संध्याकाळी सातला ठेवली आहे. पंचविसावं कलम या वेळी तीच म्हणणार आहे, तोंडपाठ.