संदेष्ट्याच्या पाठीशी कोण होते?

स्मरणिकेत माजी विद्यार्थी बहुधा वर्गातल्या आठवणी लिहितात. मी माझ्या अभ्यासाचा विषय लिहितो आहे, कारण त्याची गोडी शाळेतच लागली. ‘हे कोणी सांगितले, कधी लिहिले गेले, कोणी जपून ठेवले?’ हे प्रश्न इतिहासाच्या सरांनी आमच्या अंगवळणी पाडले. तेच प्रश्न घेऊन धर्मग्रंथांतल्या संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांच्या, छळाकडे पाहिले, की हौतात्म्याच्या कथा वेगळ्याच दिसू लागतात.

आपला सर्वसाधारण समज असा, की देवाचा माणूस आला, अधर्मी लोकांनी त्याला मारले. मूळ मजकूर उघडा. नाकारणारे बहुतेक वेळा चांगले धर्मनिष्ठ असतात, आणि संदेष्टा वाचतो की मरतो हे पुष्कळदा त्याच्या पाठीशी कोण आहे यावर ठरते.

बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय म्हणजे जवळजवळ न्यायालयाची नोंदवही आहे. काळ यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीचा आरंभ, इ.स.पू. 609 च्या सुमाराचा. यिर्मया यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात उभा राहून सांगतो, की तुम्ही सुधारला नाहीत तर या मंदिराची गत शिलोसारखी होईल. शिलो हे जुने पवित्र स्थान, आणि ते उजाड झालेले. त्याला धरतात ते याजक, म्हणजे मंदिराचे पुरोहित, आणि इतर संदेष्टे. मग राजवाड्यातून सरदार येतात, मंदिराच्या नव्या वेशीपाशी बसतात. आरोप मांडला जातो: हा या नगराविरुद्ध बोलला, याला मृत्युदंड द्या. यिर्मया शब्द मागे घेत नाही. मी तुमच्या हातात आहे, पण मला माराल तर निरपराध रक्त तुमच्या माथी येईल, एवढे तो बजावतो. सरदार म्हणतात, हा मरणदंडास पात्र नाही. मग काही वडीलधारे उठून चक्क पूर्वीचा दाखला देतात: पूर्वीच्या हिज्कीया राजाच्या काळात मोरेशेथच्या मीखा या संदेष्ट्यानेही सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल असे म्हटले होते, राजाने त्याला मारले का?

इथे कथा संपली असती तर सत्याचा विजय झाला असे म्हणता आले असते. पण त्याच अध्यायात लगेच उरीयाची हकीकत येते. शमायाचा हा मुलगा किर्याथ-यारीमचा, आणि बोलला तेच जे यिर्मया बोलत होता. राजाने मारायचे ठरवल्यावर तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळाला. अखबोराचा मुलगा एलनाथान माणसे घेऊन गेला, त्याला पकडून आणले; राजाने तलवारीने मारून त्याचे प्रेत सामान्य लोकांच्या दफनभूमीत टाकले. अध्यायाचे शेवटचे वाक्य फरक सांगून जाते: यिर्मयाला शाफानाचा मुलगा अहीकाम याचा आधार होता. शाफान आधीच्या योशीया राजाचा चिटणीस होता, त्याचे घराणे दरबारात वजनदार. उरीयाच्या मागे असे कोणी उभे राहिल्याचे ग्रंथात नाही.

पुढे छत्तिसाव्या अध्यायात यिर्मयाचा लेखनिक बारूख याने त्याच्या तोंडून लिहून घेतलेली गुंडाळी राजासमोर वाचली जाते. नववा महिना, थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले, की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि आगीत टाकतो. असे करत सगळी गुंडाळी जळते. ‘जाळू नका’ म्हणून विनवणाऱ्या तिघांत एक आहे तोच एलनाथान, ज्याने उरीयाला ओढून आणले होते. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. छळ करणारे आणि वाचवणारे असे दोन वेगळे गट धर्मग्रंथाने केलेलेच नाहीत.

हीच गोष्ट जुन्या करारातल्याच ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकातल्या जखऱ्याची. याजक यहोयादा आणि त्याची पत्नी यांनी राजपुत्र योवाशाला लहानपणी लपवून वाढवले, यहोयादाने त्याला गादीवर बसवले. यहोयादा जिवंत होता तोवर सर्व ठीक. तो गेला, आणि त्याच्याच मुलाला, जखऱ्याला, राजाज्ञेने मंदिराच्या अंगणात दगडमार झाला.

आता एक सावधगिरी. नाकारला गेला म्हणून तो खरा, हा तर्क टिकत नाही. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने जिवंत जाळलेले अहाब आणि सिद्कीया हे दोघे संदेष्टे म्हणून मिरवत, आणि यिर्मया त्यांना खोटे म्हणतो. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली खरा संदेष्टा ओळखण्याची कसोटी निराळी आहे: बोललेले घडते का? त्याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाने तीही अपुरी ठरवली. चिन्ह खरे ठरले तरी तो परक्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका. दोन्ही अध्याय जोडीने वाचावेत. नंतरच्या परंपराही वेगळ्या काढून ठेवाव्यात: यशयाला करवतीने चिरले, यिर्मयाला मिसरात दगडांनी मारले, हे जुन्या करारात कुठेही नाही.

कुरआनात हूद आणि शुअरा या सूरांमध्ये (अध्यायांमध्ये) नूह, हूद, सालेह, लूत, शुऐब या पैगंबरांच्या कथा एकामागून एक येतात आणि आक्षेपही तेच ते: तू आमच्यासारखाच माणूस, तुझ्यामागे हलके लोक, आमचे बापजादे वेगळे करत होते. शुऐबला त्याचे लोक स्पष्टच सांगतात, की तुझे कुटुंब नसते तर तुला दगडांनी ठेचले असते. हजरत मुहंमद पैगंबरांच्या चरित्रातही हेच दिसते. 619 च्या सुमारास चुलते अबू तालिब वारले आणि कुळाचे संरक्षण गेले. मक्केजवळच्या ताइफ गावात दगड खावे लागले. मक्केत परतताना तिथला एक प्रमुख मुतइम इब्न अदी याचा आश्रय घ्यावा लागला. 622 मध्ये हिजरत, म्हणजे मदिनेला स्थलांतर, झाली.

ज्यांच्या मागे कोणीच नव्हते त्या आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने हौतात्म्याला नियम घातले, याची माहिती फार कमी लोकांना असते. स्मुर्ना (आजच्या तुर्कस्तानातले इझमिर) इथला बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याचे जुने पत्र क्विंटस नावाच्या माणसाची गोष्ट नोंदवते. तो स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि श्वापदे पाहताच कचरून सम्राटासाठी अर्पण करून मोकळा झाला. पत्र बजावते: स्वतःहून पुढे जाणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन रोमन सम्राट डेशियसच्या छळात 250 मध्ये लपून राहिला, पत्रांतून मंडळी चालवत राहिला, आणि त्याबद्दल त्याला बोलही लागले. 258 मध्ये पुन्हा बोलावणे आले तेव्हा तो आपल्या मंडळीच्या शहरातच थांबला आणि 14 सप्टेंबरला त्याचा शिरच्छेद झाला.