नारळाला डोळे काढताना

श्रावण, सोमवार, दुपारचे साडेतीन

कानबाई माय सकाळी गेली, म्हणजे विसर्जन झालं. कानबाई म्हणजे आमची खान्देशातली देवी, श्रावणात नारळाच्या रूपात घरी मांडतो. घरात पसारा तसाच पडलाय, पाटावर फुलं, कोपऱ्यात खापर, ओट्यावर खरकटी भांडी, जागरणाने डोळे चुरचुरतायत आणि मी भांडी घासायची सोडून वही घेऊन बसलेय, कारण उद्या म्हणेन लिहू आणि लिहिणार नाही.

सासूबाईंना पार्किन्सन्स आहे. निदान झालं त्याला चार वर्षं झाली पण डॉक्टर म्हणाले आतून हे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू असणार. मेंदूत डोपामिन नावाचं, हालचालींना लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि हात थरथरताना दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. गोळीने हातपाय मोकळे होतात, आजार काही थांबत नाही. पुढे म्हणाले वास येणं तर कितीतरी वर्षं आधीच कमी होतं, आणि चेहऱ्याचे स्नायू आखडतात त्यामुळे माणूस हसला तरी हसल्यासारखा दिसत नाही. मी मान हलवली. येताना एसटीत खिडकीशी बसले आणि मला एकदम डाळ आठवली.

म्हणजे झालं असं होतं की एकदा मी कपडे वाळत घालायला गच्चीवर होते आणि खाली डाळ करपून पातेलं काळं झालं, वास पार शेजारी गेला, आणि आई, म्हणजे सासूबाई, ओट्याला टेकून शेंगा निवडत बसलेल्या. मी बहिणीला फोनवर सांगितलं, मुद्दाम करतात गं, मला कामाला लावायला. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्यांना पैठणीच्या काठाची साडी आणली होती, माझ्या पहिल्या बोनसमधून, तर त्यांनी ती हातात घेतली, बघितली, तोंडावरची माशीही हलली नाही. दोन महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. यांना पण ऐकवलं, तुमच्या आईला माझं काहीच आवडत नाही. त्या साडीची घडी त्यांनी आजवर मोडलेली नाही, उशाशी ठेवतात, हे मला नंतर कळलं, ते पण नणंदेकडून.

एसटीत रडले थोडी. अमळनेर स्टँड आला तेव्हा आईच म्हणाल्या, "तू कसाले रडस वं?" तोंड तसंच, दगडासारखं.

मग सगळे करतात तेच आम्ही केलं. मंगळवारी मंगळग्रह मंदिर, चतुर्थीला पद्मालयचा गणपती, आणि चैत्रात हे सप्तशृंगीच्या गडावर पायी गेले, धुळ्याच्या पुढे पायाला फोड येऊन चप्पल हातात घेऊन चालले बिचारे. मागणं एकच, बरं कर. गावातल्या एकांनी खाजकुहिलीचं चूर्ण आणून दिलं, ते मी डॉक्टरांना दाखवलं, मला वाटलं हसतील, पण म्हणाले यात खरंच लेव्होडोपा असतं, तुमच्या गोळीत जे आहे तेच, म्हणून तर आपल्या मनाने देऊ नका, डोस बिघडेल. म्हणजे चूर्णवाले काका अगदीच चुकीचे नव्हते, पण डबा अजून तसाच आहे. या सगळ्यात आईंनी स्वतःसाठी कधी नवस बोललेला मी तरी ऐकला नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, "देवले का कमी कामं शेतस?"

आता घरातलं घड्याळ म्हणजे गोळी. सहा, अकरा, चार, नऊ. आरतीला उशीर चालतो, गोळीला नाही. आणि डाळ-दूध गोळीच्या जवळपास नको, प्रथिनं आड आली की गोळी नीट लागू पडत नाही, आणि कानबाईचा नैवेद्य बघा, पुरण आणि खीर! काल संध्याकाळी नैवेद्य दाखवायला मी गोळीचा हिशोब करून अर्धा तास थांबवलं सगळ्यांना, चुलतसासू बोलल्या, मी ऐकून घेतलं.

शनिवारी रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजले. आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घेतात आणि ती मूठ आईंचीच. मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात सारखा हलत असतो, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत, जपमाळ ओढल्यासारखा. पण तोच हात गव्हात गेला, मूठ वळली आणि थांबला. स्वस्थ बसलं की थरथर, कामाला लागलं की कमी, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं तरी बघताना अंगावर काटा आला. फक्त फार हळू. एकेका मुठीला इतका वेळ लागला की मुलगा म्हणाला आजी झोपली का. मोजून झाल्यावर मुठीकडे बघत म्हणाल्या, "मूठ न्हानी व्हई गयी मनी." अक्षर पण बारीक झालंय त्यांचं, बँकेत सही जुळेना म्हणून अंगठा द्यावा लागला. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण सहीचा त्यांना भारी अभिमान होता.

नारळाला डोळे काढायचं काम दरवर्षी त्यांचं. या वेळी काजळाची डबी त्यांनी माझ्यापुढे सरकवली, बोलल्या काहीच नाही. मी काढले. एक मोठा, एक बारका, चित्रकलेत मी आधीपासूनच अशी. नथ घातली, कुंकू लावलं, चुनरी नेसवली. रात्री बाया जमल्या, गाणी झाली, फुगड्या झाल्या, आणि मध्यरात्र उलटल्यावर समईच्या उजेडात चुलतसासू म्हणाल्या, "देख वं, माय कशी हसी राह्यनी."

सगळ्या बायांनी बघितलं आणि हो हो म्हणाल्या. एकीने तर डोळे पुसले. मी बघितलं तर माझेच तिरपे डोळे. नारळ. पण खोटं सांगत नाही, दोन-तीन मिनिटांनी मला पण हसताना दिसली.

मग मी भिंतीला टेकून बसलेल्या आईंकडे बघितलं. तोच तो चेहरा. आणि इतकी वर्षं मी त्या चेहऱ्यात राग शोधत होते, साधं हसू धरून चालावं एवढंही मला सुचलं नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला, तो तिथे पण हलत होता, मी तसाच राहू दिला. कानबाईकडे या वेळी काही मागितलं नाही. आठवणच झाली नाही.

सकाळी विसर्जनाला निघालो. आईंचे पाय उंबऱ्यात चिकटतात, म्हणून दारात मी लाल चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्यात, रेघ दिसली की ओलांडायला पाय उचलतो. पाहुणे विचारतात हे काय. तर रेघेवरून त्या बाहेर आल्या आणि ढोल वाजायला लागला, आणि त्या चालल्याच. ठेक्यावर पाय पडत होता, माझा हात धरलेला पण भार नाही. मारुतीच्या पारापर्यंत गेलो अशा. तिथे ढोलवाला तंबाखू मळायला थांबला आणि आई भररस्त्यात खिळल्यासारख्या उभ्या. मागे आख्खी भाऊबंदकी अडलेली. मला काही सुचेना, मी जोरजोरात टाळ्या वाजवत एक-दोन, एक-दोन ओरडायला लागले, पोरं हसली, यांनी पण टाळ्या धरल्या, मग बायांनी, आणि पाय उचलला एकदाचा.

घरी आल्यावर अकराची गोळी झाली, मग तासाभराने कालची पुरणपोळी दुधात कुस्करून मीच भरवली. दुसऱ्या घासाला ओठ हलले. आवाज इतका बारीक झालाय की कान अगदी तोंडाजवळ न्यावा लागतो.

"गूळ कमी पडना वं," म्हणाल्या.

वास येत नाही, चव धड लागत नाही, आणि खोड काढायचं सोडलं नाही! मी हसायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी उठून गूळ किसून आणला.

चारचा अलार्म वाजतोय.