टॅपेटचा आवाज गायब होता

कोथरूडच्या काकांनी फोनवर गाडीचं दुखणं सांगण्याआधी बिलं वाचून दाखवली. ठिणगी पाडणारे चारही प्लग नवे, त्यांना वीज देणाऱ्या चारही कॉइल नव्या, थ्रॉटल बॉडी साफ, इंजेक्टर साफ. एवढं करूनही कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला थांबलं की गाडी थरथरायची आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा.

मी घरोघरी जाऊन गाड्या दुरुस्त करतो. मिसिंगच्या, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच नीट न पेटण्याच्या, तक्रारी सतत येतात, आणि फोनवरच विचारायचे माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत: थंड इंजिनाला होतं की गरम? आणि सीएनजी असेल तर पेट्रोलवर, गॅसवर की दोन्हीवर?

"सकाळी काढली की एकदम झकास. नळस्टॉपपर्यंत गेली की नाटकं सुरू. आणि दोन्हीवर करते रे," काका म्हणाले.

गॅसचे इंजेक्टर वेगळे, पेट्रोलचे वेगळे. दोन्हीवर सारखीच मिसिंग म्हणजे इंधनाची बाजू बहुतेक संशयातून सुटली. ही तपासणी फुकटात होते, डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं की झालं. तरीही इंजेक्टर साफ करायचं बिल काकांच्या हातात होतंच. लुकलुकणारा दिवा मात्र मी हलक्यात घेत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. त्या एका भागाच्या पैशात कॉइलचे कित्येक संच येतात. म्हणून मी येईपर्यंत गाडी काढू नका, असं बजावलं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची मिसिंग. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाकली, कोड पुसला, इंजिन गरम होऊ दिलं. कोड परत तिसऱ्यावरच. मग प्लगची अदलाबदल केली, तरी तिसराच. कॉइल खराब असती तर कोड तिच्यामागे पहिल्या सिलिंडरवर गेला असता. एवढ्यात कॉइल आणि प्लग दोन्ही संशयातून सुटले, एक रुपया न घालवता.

याच वेळी एक गोष्ट कानाला खटकली. या जातीच्या इंजिनाला बारीक टिकटिक असते, टॅपेटची, म्हणजे सिलिंडरची तोंडं उघडमीट करणारे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यामधल्या फटीची. इथे ती जवळजवळ नव्हतीच. काका कौतुकाने म्हणाले, "बघ, इंजिन किती शांत आहे." मला त्या शांततेचाच संशय आला.

सीएनजी कोरडा वायू आहे. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्हला जो थोडा ओलावा आणि गारवा मिळतो, तो गॅसवर मिळत नाही. व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, खोल बसायला लागतो आणि त्याची शेपटी रॉकरच्या जवळ सरकते. मधली फट कमी कमी होत जाते. थंड असताना जेमतेम भागतं, पण इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबीला वाढतो, फट संपते आणि तो पूर्ण मिटतच नाही. दाब गळतो, सिलिंडर नीट पेटत नाही. रेस केली की गळायला वेळ कमी मिळतो, म्हणून चालत्या गाडीत दुखणं लपतं आणि सिग्नलला उघडं पडतं.

गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रिले काढला, गॅस बंद केला, सगळे प्लग बाहेर काढले, दाब मोजायचा गेज लावला आणि काकांना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगितलं. गरम इंजिनावर तीन सिलिंडरचा दाब १६५ पीएसआयच्या आसपास. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, पुस्तकापेक्षा थोडं कमी येणारच. तिसरा ९५. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, काटा फारसा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून दाब वाढला असता. म्हणजे व्हॉल्व्हच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

काकांना स्पष्ट सांगितलं: व्हॉल्व्ह नुसता अडकून उघडा राहत असेल तर सेटिंगने काम होईल, कड जळली असेल तर हेड उतरवावं लागेल, आणि ते पार्किंगमध्ये होणारं काम नाही. टॅपेटची फट मी थंड इंजिनालाच मोजतो, म्हणून गाडी रात्रभर तशीच ठेवली. हेड कव्हरचं पॅकिंग नाना पेठेतून आणलं.

सकाळी कव्हर उघडलं. क्रँक पुलीला पाना लावून तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला. त्या जागी व्हॉल्व्ह मिटलेले असतात, म्हणून त्या सिलिंडरचे सगळे रॉकर बोटाने किंचित हलायला हवेत. इनटेकचे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूचे, हलले. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या बाजूचा, एक दगडासारखा घट्ट. फट मोजायची ०.०५ मिमीची फिलरची पट्टीसुद्धा आत जाईना, आणि पुस्तकात एक्झॉस्टला याच्या कितीतरी पट फट दिलेली. लॉकनट सैल केला, स्क्रू मागे घेतला, पट्टी हलकी ओढून पाहिली. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळून पुन्हा मोजायचं. घाईत काम करणारे इथेच फसतात. बाकीचे एक्झॉस्टही कमी-अधिक आवळलेलेच निघाले, तेही सेट केले.

काकू चहा घेऊन आल्या. "आता आवाज येतोय की रे बारीक, काही बिघडलं तर नाही ना?" मी म्हटलं, "काकू, हाच आवाज हवा होता."

इंजिन तापवून दाब पुन्हा मोजला, तिसरा १५५ वर आला होता. बाकीच्यांच्या बरोबरीने नाही, पण कड जळल्याचं लक्षणही नाही. मग काकांना शेजारी बसवून नळस्टॉप आणि पुढे डेक्कनपर्यंत चक्कर मारली. मुद्दाम प्रत्येक सिग्नलला न्यूट्रलमध्ये थांबलो. थरथर नाही, दिवा नाही, स्कॅनरवर तिसऱ्याच्या मिसिंगचा आकडा शून्यावर.

परतल्यावर काकांनी डिकीतून आधीच्या गॅरेजने काढलेल्या चार कॉइल आणल्या. एकेक लावून बघितली, चारही ठणठणीत. काका म्हणाले, "मग नव्यांचे पैसे कोण देणार?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जुन्या कापडात गुंडाळून ठेवा म्हटलं, लांबच्या प्रवासात उपयोगी पडतील. आणि दर दहा हजार किलोमीटरला टॅपेट तपासायचे, हे त्यांच्या सर्व्हिस बुकात शेवटच्या पानावर लिहून दिलं.