उडालं किती वाजता, गेलं कुठे?

गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावरून मिग-२९के हे लढाऊ विमान उडालं की वास्कोतल्या गच्च्यांवर फोन वर होतात. विमान सगळ्यांनाच दिसतं, त्यात गुपित काही नाही. पण कारवाई सुरू असताना तेच चित्रण 'आत्ता दोन गेली, पश्चिमेला' या ओळीसकट फिरलं की त्याची बातमी राहत नाही, खबर होते. संख्या, दिशा, वेळ. यातली एकच गोष्ट कळली तर शत्रूला फारसा उपयोग नसतो. तिन्ही जुळल्या की तो हिशेब मांडू शकतो. झालेल्या गोष्टीची बातमी सहसा चालते, होणाऱ्या गोष्टीची मुळीच चालत नाही.

ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धात मे १९८२ मध्ये ब्रिटिश पॅराट्रूपर गूज ग्रीन या वस्तीवर चाल करण्याच्या तयारीत होते. हल्ल्याच्या आधीच बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने ते सांगून टाकलं आणि तुकडीने ते रेडिओवर ऐकलं. आघाडीवरच्या वार्ताहरांचा मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जात होता. बातमी फुटली ती लंडनमध्ये. सेनापतींनी हे लक्षात ठेवावं. पहारा बहुतेक वेळा वार्ताहरावर बसवतात, गळती मात्र वरून होते.

आपल्याकडे २६/११ ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो थेट दिसत होते आणि पलीकडचे सूत्रधार टीव्ही बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांना त्यावरून सुनावलं. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्ही नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट चित्रण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच. नियम चांगला, पण तो वाहिन्यांसाठी. गच्चीवरच्या फोनला तो लागू होत नाही.

आणि नेमलेला अधिकारी गप्प बसला तर? मग पोकळी भरायला अफवा तयारच असतात. मे २०२५ मध्ये नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचं काही वाहिन्यांनी रात्रभर सांगितलं. ते खोटं होतं. ज्यांच्या घरचं माणूस त्या वेळी जहाजावर होतं, त्यांची रात्र कशी गेली असेल! म्हणून पहिलं निवेदन लहान असलं तरी लवकर यावं: काय झालं, कशाची खात्री अजून व्हायची आहे, पुढचं निवेदन किती वाजता. ती वेळ पाळायची, नवं काही नसेल तरी. बोलणारा माणूस एकच ठेवायचा. दोघांनी दोन आकडे सांगितले की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

गोव्याला हे नवं नाही. १८ डिसेंबर १९६१ ला भारताच्या हंटर विमानांनी पोर्तुगीजांच्या बांबोळीतल्या रेडिओ केंद्रावर मारा केला. दुसऱ्या दिवशी मुक्तीची बातमी लोकांना कळली ती आभाळातून. आधी आंबोली आणि मग कॅसलरॉकच्या रानातून सहा वर्षं गुप्त रेडिओ चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो विमानातून लाउडस्पीकरवर ती सांगत होते.