तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनमध्ये गूळ घातला की कळतं का?

गुऱ्हाळं पेटली की हा प्रश्न ठरलेला. लग्नात, कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये, मार्केट यार्डात. "मॅडम, तुमच्या लॅबमध्ये ते मशीन हाय न्हवं? ह्या गुळात केमिकल हाय का, तेवढं घालून सांगा की." परवा करवीरमधल्या एका मामांनी तर रुमालात बांधून खडाच आणला. पिवळाधमक.

मशीन म्हणजे यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर. रोज त्याच्यासमोर बसते, म्हणून नीट सांगते. ते गूळही ओळखत नाही आणि केमिकलही. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश नमुन्यातून पाठवायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. दहा टक्के पोचला तर आकडा 1, एक टक्का पोचला तर 2. द्रावण पातळ असेल तर पदार्थ दुप्पट झाला की आकडाही दुप्पट. पण प्रकाश कुणी अडवला, हे आकड्यावर लिहिलेलं नसतं. ते आपण आधी पक्कं करून घ्यायचं.

गेल्या वर्षी एमएस्सीची एक मुलगी रडकुंडीला आली होती. भाताच्या पानातून डीएनए काढलेला, वाचन 260 नॅनोमीटरला. कितीही पातळ केलं तरी आकडा 3 च्या खाली येईना. मी क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची छोटी चौकोनी नळी, उजेडात धरली. काचेसारखी स्वच्छ, पण साध्या प्लॅस्टिकची. डोळ्याला आरपार दिसणारं ते प्लॅस्टिक अतिनील प्रकाशाला भिंत असतं. क्वार्ट्झची लावली आणि 0.42 आलं. दुहेरी डीएनएसाठी 1 म्हणजे मिलिलिटरला 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे तिच्याकडे 21. प्रथिनांचा अंदाज घ्यायला 280 ला वाचलं, 260 आणि 280 च्या आकड्यांचं गुणोत्तर 1.8 च्या आसपास, म्हणजे प्रथिनं फारशी नाहीत. ती खूश झाली. मी विचारलं, पेशीत डीएनएसोबत असतो तो आरएनए काढून टाकलास का? कारण तोही 260 लाच प्रकाश अडवतो. आरएनए तोडणारं एन्झाइम, आरएनेज, घालून आणि तुटलेले तुकडे धुऊन काढून ती पुन्हा बसली, आणि आकडा उतरला.

जीवाणूंची वाढ 600 ला बघतो, तिथे तर प्रकाश शोषला जातच नाही म्हटलं तरी चालेल. पेशींवर आपटून तो विखुरतो.

मला सगळ्यात आवडतं ते 340 चं काम. एनएडीएच हा पेशीतला एक रेणू तिथे प्रकाश शोषतो, त्याचं एनएडी झालं की शोषत नाही. त्यामुळे एनएडीएच वापरणारं विकर (एन्झाइम) चालू झालं की पडद्यावरची रेघ सेकंदासेकंदाला खाली येताना दिसते. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवरचं एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी, बऱ्याच लॅबमध्ये असंच मोजतात. रेघ किती वेगाने उतरते, त्यावरून.

आता गूळ. रंग उजळ यावा म्हणून काहिलीत हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट ही रंग उडवणारी पावडर) टाकतात आणि गुळात सल्फाइट उरतं. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम आहे. सल्फाइटला स्वतःचा रंग नाही, म्हणून आधी तो आणावा लागतो. पॅरारोझॅनिलीन हे रंगद्रव्य आणि फॉर्माल्डिहाइड घातलं की जांभळट गुलाबी रंग चढतो आणि तो 560 च्या आसपास मोजायचा. इथे घाई केली की फसायला होतं. सल्फाइट साखरेला धरून बसलेलं असतं, ते आधी अल्कलीने सोडवावं लागतं. चिपाडाचा भुसा गाळून घ्यावा लागतो, नाहीतर गढूळपणाच मोजला जाईल. आणि गुळाचा स्वतःचा तांबूसपणा! तो वजा करायला त्याच द्रावणाचा दुसरा भाग रंगद्रव्याशिवाय ठेवायचा. हे न करता कुणी काळपट गूळ मशीनमध्ये घातला तर आकडा मोठा येईल आणि प्रामाणिक शेतकऱ्यावर विनाकारण आळ येईल. मला याचीच भीती वाटते. उलट, पिवळाधमक दिसला म्हणून नुसत्या डोळ्यांनी दोष देणंही मला पटत नाही.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी म्हटलं, "मामा, एवढा खडा पुरत नाही. हायड्रॉस अजिबात न टाकलेला गूळ मिळेल का? त्यात मी मोजून सल्फाइट टाकणार आणि तेवढंच परत मिळतं का बघणार. ते जमलं, तरच तुमच्या खड्याचा आकडा खरा धरायचा."

काल ते परत आले. घरच्या खाण्यासाठी वेगळ्या काहिलीत केलेली, भेंडीच्या रसाने मळी काढलेली छोटी ढेप घेऊन. काळीसावळी, काकवीच्या वासाची. सोमवारी पॅरारोझॅनिलीन ताजं करायचं आहे.