‘डीटूर’मधली ती पावसाळी रात्र कशी ओलांडावी

दिग्दर्शक एडगर उल्मरचा ‘डीटूर’ (१९४५) हा सिनेमा जेमतेम ६८ मिनिटांचा. तरी मी नेहमी एकाच जागी अडकायचो: हॅस्केल मरतो तिथे. पुष्कळ जण ‘असं कुठे असतं का!’ म्हणत तिथेच सिनेमा बंद करतात, त्याचाच मला जास्त राग येतो. त्याआधीचं सगळं सरळ आहे. न्यूयॉर्कच्या क्लबात पियानो वाजवणारा ॲल रॉबर्ट्स हॉलिवूडला गेलेल्या प्रेयसीकडे निघतो. खिसा रिकामा, म्हणून वाटेत लिफ्ट मागत. ॲरिझोनात चार्ल्स हॅस्केल त्याला गाडीत घेतो.

आणि मग ती रात्र. ॲल गाडी चालवतोय, हॅस्केल शेजारी झोपलाय. पाऊस येतो. गाडीचं छत चढवायचं म्हणून ॲल थांबतो, हॅस्केलला हाका मारतो. तो हलत नाही. ॲल त्याच्या बाजूचं दार उघडतो तर हॅस्केल बाहेर कोसळतो आणि डोकं दगडावर आपटतं. खेळ खलास.

ही मारूनमुटकून आणलेली योगायोगाची गोष्ट वाटत असेल तर थोडं मागे जा. प्रवासात हॅस्केल ॲलला गाडीच्या खणातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढून द्यायला सांगतो. ते नजरेतून निसटलं तर मृत्यू आभाळातून पडल्यासारखा वाटणारच. पण गोळ्या सापडल्या म्हणून गाठ पूर्ण सुटत नाही. हॅस्केल आधीच गेला होता की दगडामुळे गेला, हे सिनेमा सांगत नाही, आणि त्याचा छडा लावण्यात वेळ घालवू नये. खरी मेख ॲलच्या निवेदनात आहे. सगळी गोष्ट तोच सांगतोय, आणि ‘तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही’ हे गृहीत धरून, वकिली थाटात सांगतोय.

म्हणून कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे जे ॲलच्या हातात नव्हतं ते: पाऊस, हॅस्केलचं न उठणं. उजवीकडे त्यानं स्वतः केलेलं: प्रेत लपवणं, हॅस्केलचे कपडे चढवणं, पाकीट घेणं, गाडी घेऊन निघणं. निवेदन करणारा ॲलचा आवाज म्हणतो, दुसरा इलाजच नव्हता, पोलिसांना खरं वाटलंच नसतं. पण पोलिसांना विचारलंय कुणी? दुसऱ्या दिवशी तर हद्दच. मेलेल्या माणसाच्या गाडीत, त्याच्याच नावानं फिरताना हा गृहस्थ रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी बाईला आपणहून गाडीत घेतो. ती व्हेरा. थोडी डुलकी काढते, झटक्यात उठते आणि विचारते, त्याचं प्रेत कुठे टाकलंस? हॅस्केलच्या हातावरचे ओरखडे तिचेच. त्या ओरखड्यांची कथा हॅस्केलनं ॲलला आधीच ऐकवलेली असते, तेव्हा त्यांच्याकडे नीट बघून ठेवा.

डावा रकाना दोन-तीन ओळींत संपतो, उजवा भरत जातो, आणि नेमका तेव्हाच ॲल नशिबाला बोल लावत असतो. या माणसाची कीव येते ती इथे. नशिबावरचा त्याचा विश्वास खोटा नाही, सोयीचा आहे.

हे आधी सांगायला हवं होतं: प्रिंट चांगली बघा. स्वामित्वहक्काचं नूतनीकरण न झाल्यानं या सिनेमाच्या धुरकट, खरखरीत प्रती फुकट पडलेल्या आहेत. सुरुवातीला खानावळीत ज्यूकबॉक्सवर गाणं लागतं, आजूबाजूचा उजेड विझतो आणि ॲलच्या डोळ्यांवर फक्त एक पट्टा उरतो. वाईट प्रतीत तिथे नुसता काळोख दिसतो आणि ॲलचं काम करणाऱ्या बिचाऱ्या टॉम नीलचा अभिनय ठोकळेबाज वाटतो. २०१८ साली जीर्णोद्धार केलेली प्रत आहे, तीच मिळवा.

सहा दिवसांत काढलेला सिनेमा ही दंतकथा, ती सोडा. पैसे कमी होते हे मात्र खरं. न्यूयॉर्कचा रस्ता म्हणजे बहुतेक धुकंच. लिफ्ट मागण्याच्या काही दृश्यांत निगेटिव्ह उलटी छापली आहे, त्यामुळे अमेरिकेत गाड्या डावीकडून धावताना दिसतात. प्रवास पडद्यावर उजवीकडून डावीकडे, म्हणजे नकाशावर पश्चिमेला जावा म्हणून हा उद्योग. हसा, पण पुढे चला.

टेलिफोनच्या वायरीचा प्रसंग मी इथे फोडत नाही. त्यानंतर कॅमेरा खोलीभर फिरतो, एकेक वस्तू स्पष्ट होते, पुन्हा धूसर होते. तिथे ॲलचा आवाज ऐकू नका, नुसतं बघा. शेवटच्या पोलिसांच्या गाडीवरून वाद घालू नका. गुन्हेगार मोकळा सुटता कामा नये, हा त्या काळच्या सेन्सॉर संहितेचा दंडक होता. ॲल अटकेबद्दल ‘कधीतरी होईल’ असं बोलत असतो आणि पडद्यावर गाडी येऊन थांबलेली असते.

यानंतर लगेच ‘डी.ओ.ए.’ (१९५०) हा सिनेमा लावा. तिथला हिशेबनीस स्वतःच्याच खुनाची तक्रार द्यायला पोलिसांत जातो, आणि सगळ्याचं मूळ निघतं त्यानं कधीकाळी शिक्का मारून दिलेल्या एका विक्रीच्या कागदात. त्याला मात्र उजवा रकाना भरायला जवळजवळ काहीच मिळणार नाही.