नंदवाळची वारी आणि मुठीची सवय

मुष्टियुद्धाची फेरी ३ मिनिटांची, मग १ मिनिट विसावा. विजेतेपदं मिळवून निवृत्त झालो तरी अंगातली ती चाल जात नाही: उसळायचं, थांबायचं, पुन्हा उसळायचं. आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला, म्हणजे आमच्या प्रतिपंढरपूरला, चालताना नेमकी हीच सवय नडते. गावातून झपाझप निघालं की पुईखडीच्या चढाला पोटऱ्या धरतात. पताकांच्या पुढे जायचं नाही. दिंडीची पावली हाच आपला वेग. दम असणाऱ्या गड्याला हे पटायला वेळ लागतो. मला तर त्यातच विठ्ठल दिसतो.

पावसात मोजे भिजतात, कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतो. रिंगमध्ये भुवईवर व्हॅसलीन लावतात ते ठोसा निसटावा म्हणून. वारीत तेच बोटांच्या बेचक्यात, टाचेला आणि जांघेत लावावं. कोरड्या मोज्यांचे २ जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. फोडाची कातडी सोलू नये, पुसून चिकटपट्टी लावावी. नखं २ दिवस आधीच सरळ कापून घ्यावीत.

वजन उतरवताना पाणी तोडण्याची खोड लागलेल्यांनी निर्जळी उपास करू नये. दर २० मिनिटांनी दोन-चार घोट पाणी, वाटेत केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू, एवढं पुरतं.

टाळाचं मात्र नीट शिकून घ्या. आम्ही साडेचार मीटरची पट्टी मुठीला घट्ट आवळणारी माणसं, त्यामुळे टाळाची दोरीही बोटाला करकचून गुंडाळतो. तासाभरात बोटाचं टोक पांढरं पडतं, मुंग्या येतात. करंगळीच्या मुळाशी जुना फ्रॅक्चर असेल तर तिथून कळ थेट मनगटात जाते. दोरी सैल ठेवावी, टाळ तळव्यात लोंबू द्यावा, झटका मनगटातून यावा. मूठ वळली की टाळाचा नाद मरतो.

पुईखडीच्या रिंगणात अश्व धावून गेला की सगळे वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. मुष्टियोद्ध्याची हनुवटी कायम खालीच असते, पण नजर समोरच्यावर. ती क्षणभर ढळली तरी ठोसा बसतो. इथं मात्र नजरही मातीत जाते. उठताना शेजारचा माउली पायाला हात लावत असतो, आणि आपणही त्याच्या.